तोंड आलं की बिकोसूल?

कुरडई | ३ जुलै, सकाळी ११:१२
मंडळी, प्रश्न साधा आहे, हसू नका. आमच्या घरात गेली वीसेक वर्षं एक नियम आहे, तोंड आलं की बिकोसूल, ती बी कॉम्प्लेक्सची कॅप्सूल. आईकडेही तेच, सासरीही तेच, लग्न जमवताना पत्रिकेऐवजी बहुतेक हेच जुळवलं असावं. आता गेले दोन महिने माझं तोंड सारखं येतंय, एक छाला बरा होईतो दुसरा तयार, आणि मी आपली रोज रात्री एक कॅप्सूल घेतेय. काल लेक म्हणाली, आई, तू विचार न करता कशी घेतेस, तर मी म्हटलं, अगं बी आणि सी पाण्यात विरघळतात, जास्त झालं की सूसूतून निघून जातं, ए आणि डी सारखं साठत नाही. हे मला दहावीच्या विज्ञानाच्या बाईंनी शिकवलंय. पण ती म्हणाली मग नुसतंच महाग सूसू करतेस की. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. ही जीवनसत्त्वं नक्की करतात काय, कमी पडली की काय होतं, आणि अशी घेत राहिलं तर खरंच काही बिघडत नाही का? घरात सगळेच घेतात. नवरा 'एनर्जी'साठी, लेक केसांसाठी बायोटिन (तिला माझ्यावर हसायचा काय अधिकार!), आणि सासूबाई पायाला मुंग्या येतात म्हणून. त्यांना हल्ली चप्पल पायातून कधी निसटली तेही कळत नाही, वय ७१, शिवाय साखर, चालायचंच. तर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोळीभाजी | ११:३०
रुमाल टाकून ठेवते.

टिवल्याबावल्या | ११:४४
महाग सूसू 😂 लेकीला माझ्याकडून एक आवळा.

निवृत्त_मास्तर | १२:२०
बाईंनी शिकवले ते बरोबरच होते, पण अर्धे. अ, ड, ई, के चरबीत विरघळणारी, ब गट आणि क पाण्यात विरघळणारी, हे मी स्वतः तीस वर्षे फळ्यावर लिहिले. क च्या अभावी स्कर्व्ही, ब१ च्या अभावी हातपाय लुळे पाडणारा बेरीबेरी, ब३ च्या अभावी पेलाग्रा. जोड्या लावा, पाच गुण. मुले पाठ करत, आम्ही गुण देत असू. यातला एकही रोगी ना मी पाहिला ना त्यांनी.

स्टेथोस्कोप | दुपारी २:०५
दवाखाना नुकताच संपला, जेवता जेवता लिहितोय, चुकाभूल द्यावीघ्यावी.

कुरडईताई, आधी एक सांगा, छाले आहेत की चिरा? कारण लोक दोन्हीला 'तोंड आलं' म्हणतात. ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडणं, जीभ गुळगुळीत लालभडक होणं, तिखट अजिबात न सोसणं, यात बी२ म्हणजे रायबोफ्लेविन, शिवाय बी३, बी६, बी१२, फोलेट म्हणजे बी९, लोह यांच्यातलं कुणीतरी कमी असू शकतं. तोंडातल्या आतल्या कातडीच्या पेशी भराभर बदलत असतात, त्यामुळे माल कमी पडला की पहिली बोंब तिथून येते. पण गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला येणारे गोल पांढरट छाले बऱ्याचदा दात लागून, ताणाने, जागरणाने येतात आणि आठ-दहा दिवसांत आपले आपण जातात. म्हणजे कॅप्सूल घेतली तरी जातात, नाही घेतली तरी जातात. श्रेय कॅप्सूलला. आणि हो, एकाच जागी तीन आठवडे बरा न होणारा छाला असेल तर गोळ्या खात बसायचं नाही, दाखवायचं.

काम म्हणाल तर बी गटातले आठही जण पेशीतल्या एन्झाइमांचे मदतनीस आहेत. बी१, बी२, बी३ खाल्लेल्यातून ऊर्जा काढायला लागतात, बी६ प्रथिनांच्या कामात, फोलेट आणि बी१२ नवीन पेशी बनवायला. सी नसेल तर कोलॅजेन, म्हणजे कातडी-हिरड्या धरून ठेवणारं प्रथिन, नीट विणलं जात नाही, म्हणून स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं आणि जुन्या जखमासुद्धा उघडतात. आता साहेबांची 'एनर्जी'. ऊर्जा भाकरीतून येते, जीवनसत्त्व फक्त चूल पेटवायला मदत करतं. चूल आधीच नीट पेटलेली असेल तर काड्यांची आणखी पेटी आणून काय उपयोग?

टिवल्याबावल्या | २:१८
डॉक, बी१, २, ३, ५, ६, ७, ९, १२ मग ४, ८, १०, ११ कुठे गेले? चाळीतल्या खोल्या रिकाम्या ठेवल्यात का?

स्टेथोस्कोप | २:२५
भाडेकरू होते, हाकलले. ज्यांना घाईघाईने जीवनसत्त्व म्हणून नंबर दिले त्यातले काही शरीर स्वतःच बनवतं असं कळलं, काही आधीच्याच कुणाचं दुसरं नाव निघाले.

नाखवा_मालवण | सायं. ५:१०
मास्तर, बेरीबेरीचा रोगी तुम्ही न बघण्यात आमच्या उकड्या तांदळाचा पण हात आहे बरं का. भात सालासकट उकडून मग वाळवून कांडला की वरच्या कोंड्यातलं बी१ दाण्याच्या आत शिरतं, मग पॉलिश केला तरी बरंचसं टिकतं. कोकणात, गोव्यात, केरळात लोक पिढ्यान् पिढ्या उकडा खातात, त्यांना कोणी बायोकेमिस्ट्री शिकवली नव्हती. आता आमचीच पोरं म्हणतात उकड्याला वास येतो, आम्हाला पांढरा लांब दाणा हवा.

आणि ते कोंबड्यांचं प्रकरण माहीत आहे ना? जावात, बटाव्हियाला, आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या कोंबड्या अचानक लुळ्या पडायला लागल्या आणि पुढे अचानक बऱ्या झाल्या. तपास केला तर निघालं की मधल्या काळात त्यांना लष्करी हॉस्पिटलातला उरलेला पांढरा भात घालत होते, मग नवीन स्वयंपाकी आला आणि म्हणाला, सैनिकांचा भात नागरी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या परत हातसडीवर आणि पायावर. एका आडमुठ्या भटारखान्यामुळे विज्ञान पुढे गेलं! १९२९ चं नोबेल आइकमनला मिळालं, स्वयंपाक्याला काही नाही.

पोळीभाजी | ५:३२
पण आपण तांदूळ चार पाण्याने चोळून धुतो, त्याचं काय?

नाखवा_मालवण | ५:४०
तेच ना. पांढरा तांदूळ चोळून धुवायचा, वर भाताची पेज ओतून टाकायची, म्हणजे पाण्यात विरघळणारं सगळं मोरीत. आमच्याकडे पेज ओतत नाहीत, पितात. मीठ घालून, सोबत सुका बांगडा.

हिरवीमिरची | ५:५५
आणि छोले, हरभरे लवकर शिजावेत म्हणून सोडा घालणाऱ्यांनो, सोड्याने बी१ आणि सी दोन्हीची वाट लागते. मी घालायचे. आता रात्रभर भिजवते आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त.

सोलापूरकर_७७ | रात्री ८:२१
मास्तरांनी पेलाग्रा काढलाय म्हणून लिहितो. लायब्ररीत एका आहाराच्या पुस्तकात वाचलं की दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसायचा, आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं तीन टाइम भाकरी असते, आज्जी ९१ वर्षांची होऊन गेली, तिला काय झालं नाही. हे ज्वारीला बदनाम करायचं काम कोण करतंय, गहू-तांदूळवाले का?

सांजवात | ८:५०
सोलापूरकर, शांत व्हा, कुणी भाकरी हिसकावून घेत नाहीये. मी आहारशास्त्र शिकले, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं हे काम आम्हाला अभ्यासाला होतं. डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतय्या यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असल्याने शरीराचं नायसिनचं, म्हणजे बी३ चं गणित बिघडतं. पुढे त्यावर बरेच वादही झाले. पेलाग्रात उन्हं लागणाऱ्या जागी, हाताच्या मागे, गळ्याभोवती कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि पुढे भ्रम. पण हे कुणाला व्हायचं, ज्यांच्या ताटात वर्षभर भाकरी आणि मिरचीच, डाळ नाही, दूध नाही. शरीर ट्रिप्टोफॅनपासूनही नायसिन बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम, त्यामुळे प्रथिनं मिळाली की काम भागतं.

आणि तुमच्या आज्जीचं रहस्य मी सांगू? शेंगाचटणी. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं.

सोलापूरकर_७७ | ८:५८
😳 शेंगाचटणीला औषध म्हणून मान मिळाला, आता आमचं काय म्हणणं नाही. पत्ता पाठवा, किलोभर धाडतो.

इतिहासाचा_किडा | ९:४०
स्कर्व्ही म्हटलं की सगळे जेम्स लिंड आणि १७४७ मधली ती बारा खलाशांवरची संत्री-लिंबं सांगतात, मी आपल्या घरचं सांगतो. पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, कूत अल अमाराचा वेढा. आत अडकलेली सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीसुद्धा. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. गंमत (गंमत कसली) अशी की एकाच वेढ्यात दोन वेगळे रोग आले. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव, त्यांच्यात बेरीबेरी. हिंदी सैनिकांना कोंड्यासकट आटा आणि डाळ, त्यामुळे बी१ ठीक, पण ताजी भाजी नाही, आणि बऱ्याच जणांनी घोड्याचं मांस खायला नकार दिलेला, त्यांच्यात स्कर्व्ही. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही आटा खावा लागला आणि त्यांची बेरीबेरी ओसरली. आमच्या साताऱ्याकडच्या गावांत त्या लढाईत गेलेल्यांची नावं शिळांवर आहेत. वाचताना गोळ्यांनी गेले असंच वाटतं.

पोळीभाजी | ९:५२
बापरे. आणि डाळीला मोड आणले असते तर?

सांजवात | १०:०५
अगदी. कोरड्या कडधान्यात सी जवळपास नसतंच, मोड आले की तयार होतं. मटकीची उसळ शिजवताना त्यातलं बरंच जातं, म्हणून थोडी कच्ची कोशिंबीर. लोहसुद्धा सी असलं तर नीट शोषलं जातं, पोह्यांवर लिंबू पिळतो त्याला नुसती चव हेच कारण नाही.

आंबटगोड | १०:३०
आमचा मोरावळा आहे ना, वर्षभर. सगळं सी त्यातच.

हिरवीमिरची | १०:४१
आंबटगोड, उकळलेल्या आवळ्यात किती उरलं असेल? ताज्या आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट असतं हे खरं, पण सी ला उष्णता आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. मोरावळा खावा, छानच लागतो, पण औषध म्हणून पाव किलो साखर पोटात घालू नये.

आंबटगोड | १०:५०
तुम्हाला आमच्या परंपरेत खोट काढल्याशिवाय झोप येत नाही का?

टिवल्याबावल्या | १०:५१
पॉपकॉर्न.

परळची_पोर | ४ जुलै, सकाळी ९:१५
भांडण थांबवायला माझ्याकडे एक गोष्ट आहे, आमच्या परळची. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर आली. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात भयंकर ॲनिमिया व्हायचा, नेहमीच्या लोह कमी असण्याच्या ॲनिमियापेक्षा वेगळा, लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या. त्या काय खातात हे ती बघत गेली, आधी उंदीर-माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी औषध सापडलं ते मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो खारट काळा लगदा, ब्रिटिश लोक ब्रेडला लावून खातात तो! १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्यातल्या अनोळखी घटकाला लोक विल्स फॅक्टर म्हणायला लागले. पुढे १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि पानावरूनच नाव पडलं, फोलिक. आज गरोदर बाईला फोलिक ॲसिडची गोळी देतात, त्या गोळीची सुरुवात गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून झालीय. माझी पणजी गिरणीत होती, चार बाळंतपणं. ती या अभ्यासात होती असं अजिबात म्हणत नाही, पण गोळी घेताना मला ती आठवली होती.

सांजवात | ९:४०
परळची पोर, मस्त लिहिलंस. भर इतकीच की बाळाचा मज्जारज्जू ज्यातून बनतो ती नळी पहिल्या महिन्यातच बंद होते, बऱ्याचदा दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड मूल ठरवतानाच सुरू करायला सांगतात.

डेट्रॉइटची_वहिनी | १०:५५ (इकडे मध्यरात्र)
इकडे अमेरिकेत १९९८ पासून पिठातच फोलिक ॲसिड घालतात. त्यामुळे मला वाटायचं आपण सुरक्षित. पण आम्ही शाकाहारी, माझं बी१२ तरी कमी निघालंच. इथल्या डॉक्टरने विचारलं, तुमच्याकडे अंडी पण खात नाहीत? मी म्हटलं केक खातो 🙈

शुद्धशाकाहारी | ११:२०
आलं बी१२! आता मांसाहाराचा प्रचार सुरू होणार. आमचे पूर्वज हजारो वर्षं शाकाहारीच होते. ताक आणि इडलीत बी१२ असतं, स्पिरुलिना शेवाळात तर भरपूर असतं.

स्टेथोस्कोप | दुपारी २:३०
प्रचार नाही करत, मी स्वतः शाकाहारी आहे आणि माझं १७० होतं. बी१२ ना झाडं बनवतात ना प्राणी, फक्त जिवाणू बनवतात. दूध, दही, ताक यांतून थोडं मिळतं, अर्धी वाटी पातळ ताकातून फार नाही. इडलीच्या भरवशावर राहू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बी१२ सारखं दिसणारं सावत्र भावंड, आपल्या शरीराला त्याचा उपयोग नाही. पूर्वजांनी तपासण्या केल्या नव्हत्या, एवढंच म्हणता येईल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचं रक्त तपासलं तर साठ टक्क्यांहून जास्त जणींमध्ये बी१२ कमी होतं. आणि ज्यांचं फोलेट जास्त पण बी१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हा पेपर २००८ चा. म्हणजे एकच जीवनसत्त्व ढकलून चालत नाही.

लॅबवाला | ४:१०
कुरडईताईंच्या लेकीसाठी. बायोटिन, म्हणजे बी७, घेत असेल आणि थायरॉइड तपासायची असेल तर लॅबला आणि डॉक्टरला सांगणे मस्ट. काही यंत्रांची टेस्टच बायोटिनवर चालते, रक्तात ते फार झालं की रिपोर्ट खोटा येतो, थायरॉइड नॉर्मल असून जास्त दिसतो. हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिनचाही चुकीचा कमी येऊ शकतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिलाय. आमच्याकडे एक मुलगी आली होती, रिपोर्ट बघून सगळे हादरले, घाम नाही, धडधड नाही, वजन तेवढंच. शेवटी केसांच्या गोळ्या निघाल्या. जास्तीचं सूसूतून जातं हे खरं, पण जाता जाता आमची वाट लावून जातं.

पोळीभाजी | ४:२५
म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर, बिघडतं?

सांजवात | ४:४५
हो. बी६ घ्या. मोठ्या डोसमध्ये महिनोन् महिने घेतलं तर नसांनाच इजा होते, हातपाय बधिर. टीबीच्या आयसोनियाझिडने बी६ कमी पडून नसा बिघडतात म्हणून सोबत देतात ते हेच बी६. कमी पडलं तरी नसा, जास्त झालं तरी नसा. सी रोज ग्रॅम-ग्रॅमने घेतलं तर काहींना मुतखडे होतात. आणि बी१२ पाण्यात विरघळत असूनही यकृतात वर्षानुवर्षं पुरेल एवढं साठतं. कुरडईच्या बाईंच्या नियमाला तोच मोठा अपवाद, त्यामुळे ते कमी व्हायलाही वर्षं लागतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

वाकडीतिकडी | रात्री ११:०५
मी सहसा नुसती वाचते. पण कोंबड्या झाल्या, कूत झालं, मोरावळा झाला, पहिल्या पोस्टमधल्या त्या सासूबाईंच्या चपलेचं कुणीच वाचलं नाही का?

माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. पायाला मुंग्या, मग चप्पल निसटायची, मग अंघोळीला डोळ्यावर साबण आला की तोल जायचा. आम्ही म्हणायचो शुगर आहे, वय आहे. शुगरनेही नसा जातात, त्यामुळे कुणी पुढे शोधलंच नाही. दहा-अकरा वर्षं शुगरची मेटफॉर्मिन चालू होती आणि जोडीला रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. दोन्हीमुळे बी१२ नीट शोषलं जात नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याआधी एका ठिकाणी थकवा म्हणून नुसतं फोलिक ॲसिड दिलेलं, त्याने हिमोग्लोबिन सुधारलं आणि सगळे खूश, आतून नसा मात्र जातच राहिल्या. आता इंजेक्शनं झाली, बरेच सावरलेत, पण काठी सुटली नाही ती नाहीच. कुरडई, सासूबाई काय काय गोळ्या घेतात?

कुरडई | ११:३८
मेटफॉर्मिन. चौदा वर्षं. आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टो, तीच ॲसिडिटीची गोळी. अंडं घरात येत नाही.
मी हे लिहिलं तेव्हा नुसतं गमतीत लिहिलं होतं गं.

स्टेथोस्कोप | ५ जुलै, सकाळी ७:१०
वाकडीतिकडी, धन्यवाद, मी धागा दोनदा वाचूनही ते वाक्य सोडून गेलो. कुरडईताई, गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे बी१२ आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून घ्या. रक्त आधी, इंजेक्शन नंतर, नाहीतर आकडा फुगलेला येतो. घरातली बी कॉम्प्लेक्स घेत असतील तर तेही सांगा.

शुद्धशाकाहारी | ७:४०
माझ्या आईचीही मेटफॉर्मिन चालू आहे. मीही तपासून घेतो.

कुरडई | २९ जुलै, दुपारी १:२०
उशीर झाला लिहायला, माफ करा. सासूबाईंचं बी१२ आलं ११८. लॅबच्या कागदावर किमान २०० च्या आसपास लिहिलंय. हिमोग्लोबिन ११.४ म्हणून आजवर कुणी वळून बघितलं नव्हतं, पण पेशींचा आकार मोठा निघाला, परळच्या पोरीने लिहिला तसाच. डॉक्टरांनी पायाला तो वाजणारा चिमटा लावला, उजव्या अंगठ्याला थरथर कळतच नव्हती. इंजेक्शनं सुरू आहेत, लालभडक रंगाचं, बघून त्या म्हणाल्या कोकम सरबत टोचताय का. मुंग्या थोड्या कमी आहेत म्हणतात. चप्पल परवा एकदा निसटली, पण त्यांना कळली, मागे वळून घातली. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून हसलो.

माझ्या तोंडाचं म्हणाल तर दाताच्या डॉक्टरांनी एका दाढेचं टोक घासलं. दोन महिने मी दाढेला बी कॉम्प्लेक्स खाऊ घालत होते. लेकीने बायोटिन बंद केलंय, केस होते तेवढेच गळतायत. नवरा ऐकत नाही.

सोलापूरकर_७७ | १:४४
सासूबाईंना नमस्कार सांगा. चटणी कुरिअर केलीय.

वाकडीतिकडी | ३:०२
🙏

नवा_पाहुणा | २ ऑगस्ट, रात्री १२:१७
धागा पूर्ण वाचला नाही, सॉरी, पण अर्जंट आहे. तोंड आलं म्हणून बिकोसूल घेतली आणि लघवी हळदीसारखी पिवळी होतेय. कावीळ का?

टिवल्याबावल्या | १२:१९
नाही हो, ते बी२. महाग सूसू. पहिल्या पोस्टपासून वाचायला घ्या.